डोकेदुखी सांगायची कशी?

मंडळी, मागच्या वेळी आपण ‘दुसऱ्याचं मन आपल्याला कळतं का’ या प्रश्नाशी थांबलो होतो. आज त्याचंच एक घरगुती उदाहरण घेऊ. वारंवार डोकं दुखणं.

विट्गेन्स्टाइनच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एक दाखला आहे. प्रत्येकाजवळ एक डबी, तिच्यात म्हणे भुंगा. पण ज्याने त्याने फक्त आपलीच डबी उघडून पाहायची. वेदनेचं तसंच आहे असं आपण समजतो. हा दाखला आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवला. आणि घरी पत्नी कपाळाला फडकं आवळून अंधाऱ्या खोलीत पडलेली असायची, तेव्हा दारातूनच विचारायचो, “गोळी घेतलीस का?” आणि परत वाचायला बसायचो.

तिला अर्धशिशी आहे. मायग्रेन हा शब्दही मूळ ग्रीक, अर्थ ‘अर्धं डोकं’. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत अर्धावभेदक आहे. म्हणजे दोन्हीकडच्या वैद्यांनी रोग्याचं ऐकूनच नाव ठेवलेलं दिसतं! आजही फारसं वेगळं नाही. अर्धशिशीत स्कॅन बहुधा स्वच्छ येतो. तिचाही आला, आणि घरात सगळे म्हणाले, “बघ, काही नाहीये.” रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणजे दुखत नाही, हा निष्कर्ष तर्काच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा काढणार नाही. आम्ही काढला.

निदान होतं ते सांगण्यावरून. एका बाजूला ठणकतं का, उजेड-आवाज नकोसा होतो का, मळमळतं का, जिना चढल्यावर वाढतं का, औषध न घेता चार तास ते तीन दिवस टिकतं का. डॉक्टरांनी विचारलं, “महिन्यातून किती दिवस?” ती म्हणाली, “अधूनमधून.” मग त्यांनी कॅलेंडरावर खुणा करायला सांगितल्या : दुखलं की फुली, गोळी घेतली की गोल. महिनाअखेर एकोणीस फुल्या आणि सतरा गोल निघाले!

इथे जरा थांबू या. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान दहा किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर ती गोळीच डोकेदुखी चालू ठेवू शकते. आमचा तो दारातला प्रश्न आठवला.

गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद झाल्या. पहिले काही दिवस दुखणं वाढलं. हे होतं, त्याची तयारी हवी. सोबत रोज घ्यायचं प्रतिबंधक औषध दिलं, प्रोप्रॅनोलॉल. “अहो, हे बीपीचं आहे, मला कुठंय बीपी?” तिचा प्रश्न रास्त होता, पण ते अर्धशिशीलाही देतात. दमा असणाऱ्यांना मात्र चालत नाही. गुण यायला आठवडे लागतात, चार दिवसांत सोडून देऊ नये.

एक सांगून ठेवतो. डोकं अचानक, कधी नव्हे इतकं दुखलं, तापासोबत मान आखडली, हातापायातली शक्ती गेली किंवा बोलणं अडखळलं, तर कॅलेंडर बाजूला ठेवून तडक इस्पितळ गाठायचं. पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू झालेली डोकेदुखीही लवकर दाखवावी.

आता महिन्याला पाच-सहा फुल्या असतात. त्या दिवशी तिला उजेडात येववत नाही, म्हणून फुली आम्ही काढतो. परवा विसरलो. दुसऱ्या दिवशी तिने पेन हातात दिलं आणि म्हणाली, “कालची राहिली.”