गंज काढा, पण 'पाणी' उतरवू नका

गोठ्याच्या कोपऱ्यात किंवा माळ्यावर वर्षानुवर्षे पडून राहिलेली कुऱ्हाड बहुतेकदा भंगारात जाते. तांबूस पापुद्र्यांनी झाकलेले पाते निकामी झाले, असे वाटते. पण गंज खोलवर गेला नसेल, तर आतले पोलाद शाबूत असते.

ओलावा आणि हवेतील ऑक्सिजन यांच्यामुळे लोखंड गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे पापुद्रे सुटतात आणि खालचा धातू पुन्हा उघडा पडतो. हा गंज काढायला साधे व्हिनेगर पुरते. त्यातील ॲसिटिक आम्ल गंज विरघळवते. दांडा काढून पाते रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे आणि सकाळी तारेच्या ब्रशने घासावे. फार काळ ठेवल्यास आम्ल लोखंडही खाऊ लागते. नंतर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने पाते धुवावे, लगेच कोरडे करावे आणि तेलाचा हात फिरवावा. व्हिनेगरमध्ये ब्लीचिंग पावडर मात्र कधीही मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू निघतो.

खरे नुकसान होते ते धार लावताना. लोहार तापलेले पाते झटकन थंड करून धार कठीण करतो. यालाच 'पाणी देणे' म्हणतात. ग्राइंडरवर धार निळी पडली, तर तिथले तापमान सुमारे 300 अंश सेल्सिअसपर्यंत गेलेले असते. तेवढ्याने पाणी उतरते आणि धार मऊ पडते. निळा रंग घासून काढला, तरी गेलेला कठीणपणा परत येत नाही. म्हणून कानस आणि धारेचा दगड वापरावा. अडकलेला दांडा काढण्यासाठी पाते चुलीत घालू नये.

गंजामुळे धनुर्वात होतो, हा समजही अर्धवट आहे. या रोगाचे जिवाणू गंजातून निर्माण होत नाहीत. त्यांचे बीजाणू माती आणि शेणात असतात. मातीत पडलेल्या कुऱ्हाडीवर ते असू शकतात, आणि व्हिनेगरने ते मरतीलच असे नाही. त्यामुळे पाते चकचकीत झाले तरी धोका संपत नाही. काम करताना जाड हातमोजे आणि चष्मा घालावा. जखम झालीच, तर ती साबण-पाण्याने स्वच्छ धुऊन डॉक्टरांना दाखवावी. जखम मळकी किंवा खोल असेल आणि शेवटच्या लसीला 5 वर्षे उलटली असतील, तर पुन्हा लस घ्यावी लागते. कुऱ्हाड हातात घेण्याआधी ती तारीख आठवून पाहावी.