हिमालयाच्या वाटेवरचे सांगाती

वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली उत्तर हिंदुस्थानाच्या प्रवासास निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचे चुलते होते, आणि साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकर 1912 साली हिमालयात पायी हिंडले तेव्हा अनंतबुवा मर्ढेकर व स्वामी आनंद यांची त्यांना सोबत होती. लांबच्या वाटेस एकट्याने लागू नये, हा त्या पिढ्यांचा संकेत भाविकतेपेक्षा व्यवहारातूनच आलेला होता. वाटेत ताप भरला तर उशाशी बसण्यास, नदीला पूर आला तर उताराची चौकशी करण्यास आणि प्रसंग ओढवलाच तर घरी निरोप पोहोचविण्यास कोणी तरी असावे, एवढीच त्यामागची अपेक्षा असे. पुढे आगगाडीचे जाळे पसरत गेले, त्यामागून मोटार आली, आणि चार चाकांवर बिऱ्हाड घालून निघालेल्या कुटुंबास दुसऱ्या कोणाची गरज भासेनाशी झाली. परंतु पुण्या-मुंबईकडची हीच मोटार जेव्हा सुमारे 2,000 किलोमीटरची मजल मारून मनालीस पोहोचते आणि तेथून लडाखची वाट धरते, तेव्हा सोबतीचा तो जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि त्याचे उत्तर घरून निघण्यापूर्वीच शोधून ठेवलेले असावे लागते.

वाट कशी आहे हे ध्यानी घेतल्यावाचून सोबती कसा हवा हे ठरविता येणार नाही. 2020 च्या ऑक्टोबरात 9 किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला, रोहतांग खिंडीची चढण टळली आणि मनाली ते लेह हे अंतर 46 किलोमीटरांनी घटले, हे खरे. तथापि बोगद्यातून बाहेर पडून लाहौलच्या खोऱ्यात आलेल्या प्रवाशापुढे बारालाचा ला, नकी ला, लाचुलुंग ला आणि तांगलांग ला अशा चार खिंडी उभ्या असतात, आणि त्यांतील शेवटची तर 5,300 मीटरांहून उंच आहे. चंद्रा आणि भागा या नद्यांच्या संगमानजीक तांदी येथे एक पेट्रोलपंप आहे. पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याचे बजावणारी तेथील पाटी हौशी प्रवाशांच्या छायाचित्रांत इतक्या वेळा आलेली आहे, की तिच्याखाली उभे राहून हसणाऱ्या मंडळींपैकी फारच थोडे तिचा मजकूर मनावर घेत असावेत. त्या मजकुराचा इत्यर्थ असा, की पुढच्या टापूत इंधन, मिस्त्री, वैद्य आणि दूरध्वनी या चारही गोष्टींच्या बाबतीत बहुतांशी आपली आपणच तजवीज करावयाची आहे. त्यातही परप्रांतातील प्रीपेड सिमकार्ड लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड तेवढे चालते. म्हणून प्रत्येक मोटारीत निदान एकाजवळ तरी तसे कार्ड असणे अगत्याचे ठरते.

अशा मुलखात एकट्या मोटारीने जाणे धाडसाचे आहे आणि दहा मोटारींचा तांडा नेणे हा स्वतंत्र कारभार आहे, कारण दहा गाड्यांतील कोणाचे तरी चाक, कोणाचे तरी पोट आणि कोणाची तरी चहाची तल्लफ यांपायी दर तासाला सारा तांडा थांबतो. दोन किंवा तीन मोटारी आणि प्रत्येकीत गाडी हाकू शकणारी दोन माणसे, हे प्रमाण मला सर्वांत सोयीचे वाटते. म्हणजे इतर प्रवासी धरून हिशेबाने सहा ते दहा माणसे जमवावयाची; आणि ती जमविताना बहुतेक लोक सर्वप्रथम आपल्या जिवलग मित्रांकडे वळतात, ते स्वाभाविकही आहे.

येथे माझे मत प्रचलित समजुतीपेक्षा थोडे वेगळे आहे. जिवलग मित्र हा घाटातला उत्तम सोबती असेलच असे नाही. एवढेच नव्हे, तर पूर्ण परक्या माणसाशी सर्व गोष्टी बोलून, ठरवून, लिहून काढून केलेला प्रवास काही न ठरविता मित्रांबरोबर केलेल्या प्रवासापेक्षा पुष्कळदा सुखाचा होतो. याचे कारण मनुष्यस्वभावात आहे. परक्या माणसाला आपण त्याची प्रकृती, त्याची रजा, त्याच्या खिशाची ऐपत, त्याचे पथ्यपाणी यांविषयी संकोच न करता विचारतो, आणि तोही त्यात वावगे मानीत नाही. मित्राला मात्र यातले काहीही विचारणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणे होय अशी भावना असते, आणि मग ज्या गोष्टी घरच्या ओसरीवर चार वाक्यांत निकालात निघाल्या असत्या त्या लेहच्या वाटेवरील सरचूच्या मुक्कामी, तंबूत, मध्यरात्री, डोके ठणकत असताना निघतात. म्हणून मैत्री कितीही जुनी असो, या एका बाबतीत मित्रालाही नव्याने ओळख झालेल्या गृहस्थाप्रमाणे वागवावे.

विचारावयाच्या गोष्टींत रजेचा क्रमांक मी पहिला लावीन. ज्याची रजा रविवारी संपते आणि जो सोमवारी सकाळी कचेरीत हजर झालाच पाहिजे, असा सहप्रवासी वृत्तीने कितीही गोड असला तरी डोंगरात तो धोकादायक होतो. दरड कोसळून रस्ता दिवसभर बंद राहणे, वितळलेल्या बर्फाचे पाणी रस्त्यावरून वाहू लागणे, खिंडीत अवेळी हिमवर्षाव होणे हे त्या मार्गावर नित्याचेच आहे, आणि अशा वेळी सीमा सडक संघटनेची माणसे व यंत्रे आपले काम करीत असताना स्वस्थ बसून राहणे हेच शहाणपणाचे असते. परंतु ज्याच्या रजेच्या अर्जात एकही राखीव दिवस नाही तो स्वस्थ बसू देत नाही. ‘निघू या, होईल काही तरी’ हा त्याचा आग्रह त्याच्या शौर्यातून आलेला नसतो, तो साहेबाच्या भीतीतून आलेला असतो. महाराष्ट्रातून स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्याने जाण्या-येण्याच्या सपाटीवरील दिवसांखेरीज निदान दोन-तीन दिवस असे मोकळे ठेवावेत आणि ते ज्याला ठेवता येत नाहीत त्याला पुढल्या वर्षीचे निमंत्रण द्यावे.

उशिरा उठण्याची सवयही तितकीच गंभीर मानली पाहिजे. हिमनद्यांचे पाणी पहाटेच्या थंडीत आटलेले असते आणि ऊन चढेल तसतसे ओढे फुगत जातात. सकाळी सातला ज्या नाल्यातून चाके जेमतेम ओली करून गाडी निघून जाते, तोच नाला दुपारी दोनला इंजिनापर्यंत पाणी पोहोचवितो. घरी जो नऊशिवाय अंथरूण सोडीत नाही आणि त्यानंतर तासभर ज्याची आन्हिके चालतात, त्याच्यामुळे तिन्ही मोटारी दुपारच्या पाण्यात सापडतात. ही सवय प्रवासात बदलेल असे आश्वासन तो मनापासून देतो; त्यावर विसंबू नये.

प्रकृतीचा विषय याहून नाजूक आहे, आणि त्याचा विस्तार करणे भाग आहे. साधारणतः 2,500 मीटरांच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो: डोके दुखते, मळमळते, अन्नावरची वासना उडते, झोप लागत नाही. मनाली सुमारे 2,000 मीटरांवर, जिस्पा 3,200 च्या आसपास आणि सरचू जवळजवळ 4,300 मीटरांवर आहे. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याचे ठिकाण दर रात्री पाचशे मीटरांहून अधिक उंच नेऊ नये असे या शास्त्रातील जाणते सांगतात, आणि आपले प्रवासी जिस्पाहून एका दिवसात हजार मीटरांहून अधिक उंचीवर निजावयास जातात. सरचूची विशेष अडचण अशी, की ते दोन उंच खिंडींच्या मध्ये वसलेले आहे. रोगी अत्यवस्थ झाला तर त्याला खाली उतरविणे हाच मुख्य उपाय, पण तेथून खाली उतरावयाचे म्हटले तरी आधी 4,900 मीटरांच्या सुमाराचा बारालाचा ला चढून ओलांडावा लागतो. याच कारणाने पुष्कळ अनुभवी लोक जाताना श्रीनगर–कारगिलचा मार्ग घेतात, कारण त्या वाटेची चढण अंगाला हळूहळू सवय करीत नेते, आणि येताना मनालीकडून उतरतात. ज्या उमेदवार सोबत्याला हा क्रम वेळेचा अपव्यय वाटतो, किंवा जो मनालीहून एका दिवसात लेह गाठल्याच्या कथा कौतुकाने सांगतो, त्याच्या स्वभावाचा पुष्कळसा खुलासा तेवढ्यावरच होऊन जातो.

हृदयविकार, रक्तदाब, दमा यांची चौकशी स्पष्टपणे करावी आणि ज्याला काही व्याधी असेल त्याने वैद्याचा सल्ला घेऊनच यावे. विरळ हवेच्या त्रासासाठी घेतली जाणारी गोळीही स्वतःच्या मुखत्यारीने घेऊ नये. मात्र शरीराने धडधाकट असणे हे विरळ हवेपासून संरक्षण नव्हे, ही गोष्ट लोकांना पटवून देणे कठीण जाते. रोज व्यायामशाळेत जाणारा पंचविशीतला तरुण आडवा पडतो आणि साठीच्या काकू शांतपणे चहा पीत बसतात, असे घडते. आणि त्या तरुणाची अडचण अशी, की आपल्याला त्रास होत आहे हे कबूल करणे त्याला कमीपणाचे वाटते. सोबत्याच्या अंगी जो गुण मी सर्वांत मोलाचा मानतो तो हाच, की ‘मला बरे वाटत नाही’ हे वाक्य त्याला वेळेवर उच्चारता यावे, आणि दुसऱ्याने ते उच्चारले असता कपाळास आठी न घालता परत फिरण्याची त्याची तयारी असावी.

हे गुण बैठकीत कळत नाहीत, म्हणून आधी एक चाचणीचा प्रवास करावा. पुण्याहून ताम्हिणीच्या घाटाने माणगावास उतरावे, महाडावरून पोलादपूर गाठावे आणि आंबेनळीच्या वळणांनी महाबळेश्वर चढावे; एका रात्रीचा मुक्काम, दोन दिवसांचे काम. घाटात अरुंद ठिकाणी चढणाऱ्या वाहनास अग्रक्रम द्यावा असा नियम आहे. तो आपला भावी सोबती पाळतो की दिवे उघडझाप करून समोरच्याला मागे रेटतो, आंधळ्या वळणावर मालमोटारीस मागे टाकण्याचा मोह त्याला आवरतो की नाही, मागची गाडी दिसेनाशी झाली असता तो थांबतो की पुढच्या गावी जाऊन भजी खात बसतो, हे सारे त्या दोन दिवसांत उघड होते. शिवाय कोणाचे घोरणे कोणाला सोसते, हाही तपशील कळतो. तंबूंची वाटणी करताना तो उपयोगी पडतो.

पैशाविषयी तरुण मंडळींत ‘टीटीएमएम’, म्हणजे तुझे तू माझे मी, अशी सुटसुटीत पद्धत रूढ आहे, आणि ढाब्यावरच्या जेवणापुरती ती उत्तम आहे. पण मोटारीच्या तळाशी दगड लागून तेलाची टाकी फुटली तर तो खर्च एकट्या मालकाचा की गाडीतील चौघांचा, याचे उत्तर तीत नाही. इंधन त्या त्या गाडीतील माणसांनी समान वाटून घ्यावे, सामायिक खर्चासाठी आरंभीच वर्गणी जमवून एकाला खजिनदार नेमावे, आणि मोडतोडीचे कलम कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. येथे कायद्याची एक बाब विसरता कामा नये: पांढऱ्या पाटीची खाजगी मोटार भाडे घेऊन चालविण्यास मुभा नाही, आणि भाडे अथवा मोबदला घेऊन केलेला वापर खाजगी गाडीच्या विम्यातून वगळलेला असतो. मित्रांनी खर्च वाटून घेणे वेगळे आणि रिकाम्या आसनाचा दर ठरवून परक्याला बसविणे वेगळे. जो गृहस्थ ‘दोन जागा शिल्लक आहेत, माणशी इतके’ अशी भाषा बोलतो त्याच्या गाडीत बसणाराने अपघाताच्या वेळी नुकसानभरपाईचे काय होईल याचा आधी विचार करावा.

आपल्या ओळखीत माणसे मिळाली नाहीत तर सह्याद्रीतील गिर्यारोहण संस्थांत किंवा 1949 पासून चालू असलेल्या यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या हिमालयीन शिबिरांत जाऊन आलेल्या लोकांत शोध घ्यावा. तेथील माणसाने थंडीत रांगेने उभे राहून जेवण घेतलेले असते, आणि ते शिक्षण दुर्मिळ आहे. एकट्या स्त्रीने अनोळखी चमूत जावयाचे असेल तर तिने दोनदा तरी सार्वजनिक ठिकाणी, शक्य तर घरच्यांसह, सर्वांना भेटावे, चमूत दुसरी स्त्री असल्याची खात्री करावी, मुक्कामाची व निजण्याची व्यवस्था अगोदर पक्की करून घ्यावी आणि गाड्यांचे क्रमांक व मुक्कामांची यादी घरी ठेवावी. यात ज्याला अपमान वाटेल तो चमू तिने सोडून द्यावा.

शेवटी प्रमुख कोण, हे निघण्यापूर्वी ठरलेले असावे. वारीत चोपदाराने दंड उंचावला की टाळ-मृदंग क्षणात थांबतात, आणि का थांबलो असे कोणी विचारीत नाही; तसा अख्त्यार डोंगरात एका माणसाकडे असावा, पण तो एकाच दिशेने चालावा, म्हणजे थांबण्याचा किंवा परतण्याचा हुकूम त्याने द्यावा आणि पुढे जाण्यास मात्र सर्वांची संमती लागावी. ज्याची गाडी सर्वांत महाग त्याच्याकडे प्रमुखपद आपोआप जाते असा अनुभव आहे, आणि त्याला विरोध करणे जरूर आहे. रस्त्यावर हा प्रमुख सर्वांत पुढे धावत नसावा. त्याची गाडी शेवटी असावी, म्हणजे कोणी मागे राहिला तर तो त्याच्याच पुढ्यात राहतो, आणि मंदगती चालकास मधल्या जागी ठेवावे.

एवढी खटपट करूनही मनाजोगती माणसे जुळत नाहीत असे पुष्कळ वेळा होते. अशा वेळी मोटार घरीच राहू द्यावी, दिल्ली गाठावी आणि उन्हाळ्यात लेहपर्यंत धावणाऱ्या हिमाचल परिवहनाच्या गाडीचे तिकीट काढावे. तिचा चालक पहाटे वेळेवर उठतो, नाल्याचे पाणी पाहून स्वतः निर्णय घेतो, कोणाची रजा कधी संपते याची विचारपूस करीत नाही, आणि शेजारच्या आसनावरचा सोबती तिकिटातच येतो.