उरलेला क्लोरीन

पटकी, विषमज्वर, अतिसार आणि हिपॅटायटिस ए व ई या प्रकारची कावीळ हे रोग पसरतात ते मुख्यतः विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून. म्हणूनच भारतीय मानक ब्युरोच्या ‘आयएस १०५००’ या मानकानुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय जिवाणू आढळता कामा नये. हा जिवाणू माणसांच्या व जनावरांच्या आतड्यांत असतो; तो सापडला की पाण्यात विष्ठा मिसळल्याचे कळते. प्रत्येक रोगजंतू वेगळा शोधावा लागत नाही.

जंतू मारण्यासाठी पाण्यात क्लोरीन घालतात. त्यातला बराचसा गाळ आणि सेंद्रिय द्रव्यांवर खर्च होतो. उरतो तो अवशिष्ट क्लोरीन. तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. मोजायचा तो नळाला, कारण पाणी वाटेतही बिघडते. पुरवठा बंद झाला की जलवाहिनीतला दाब उतरतो आणि फुटक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत शिरते. थोडे दूषित पाणी मिसळले तर उरलेला क्लोरीन निभावून नेतो. गळती मोठी असेल तर तोही संपतो.

महाराष्ट्राच्या गावांत क्लोरीन घालण्याचे आणि तपासण्याचे काम ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक करतो. टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, बादलीत कालवून चुना खाली बसू देतात आणि वरची निवळी विहिरीत किंवा टाकीत सोडतात. किमान अर्ध्या तासाने नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट होते: नळीतल्या पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. पोते उघडे किंवा ओलीत राहिले की तो उडून जातो. पावसाळ्याआधी व नंतर पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते.

क्लोरीनला मर्यादाही आहेत. १९५५ मध्ये दिल्लीत नजफगड नाल्याचे सांडपाणी वझीराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत पोचले. क्लोरीनची मात्रा वाढवल्याने विषमज्वर वाढला नाही, पण सुमारे २९ हजार जणांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ई होती, हे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून पुढे स्पष्ट झाले. विषाणूंना जास्त क्लोरीन लागतो, आणि गढूळ पाण्यात गाळाच्या कणांआड जंतू वाचतात. त्यामुळे विषाणूंपासून संरक्षण हवे तेव्हा मानकात अवशिष्ट क्लोरीनची किमान मर्यादा लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम आहे, तर गढूळपणाची स्वीकार्य मर्यादा १ एनटीयू. स्रोताजवळ सांडपाणी येऊ न देणे, मग गाळणे आणि शेवटी क्लोरीन, हा क्रम त्यासाठीच पाळावा लागतो.