तळहाताएवढ्या दट्ट्यावर तीन टन!

मुलांनो, जुन्नर-आंबेगाव भागात मीना, कुकडी किंवा घोड नदीच्या काठाने जाताना पूर्वी डिझेल इंजिनांची धडधड हमखास कानी पडे. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. तिची इंजिने पुढे गावोगाव पोचली. आता विजेचे पंप आले आहेत. पण वीज गेली आणि कांदा सुकू लागला, की शेतकऱ्याला इंजिनाचीच आठवण होते.

इंजिनाला हँडल मारताना तो एका हाताने वरची एक खिट्टी दाबून धरतो. चाकाने वेग घेतला, की खिट्टी सोडतो आणि इंजिन सुरू होते. खिट्टी न दाबता हँडल फिरवू पाहिले, तर ते अर्ध्यावरच अडते. असे का बरे?

सायकलचा पंप घ्या. नळीचे तोंड अंगठ्याने घट्ट बंद करा आणि मित्राला दांडा दाबायला सांगा. समजा, त्याने २१ किलोग्रॅम वजनाइतका जोर लावला आणि पंपाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ७ चौ. सेंमी. आहे. मग आतल्या हवेचा दाब दर चौ. सेंमी.ला ३ किलोग्रॅमने वाढेल. हाच दाब तुमच्या अंगठ्यावरही पडतो. पण नळीचे भोक असते जेमतेम ०.२ चौ. सेंमी.चे! म्हणून अंगठ्याला फक्त ०.६ किलोग्रॅमचा रेटा जाणवतो. दाब तोच, क्षेत्रफळ निराळे, म्हणून बलही निराळे.

बल = दाब × क्षेत्रफळ

आता इंजिनाकडे वळू. ५ अश्वशक्तीच्या लहान इंजिनात ८ सेंमी. व्यासाचा दट्ट्या असतो. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौ. सेंमी. भरते. दट्ट्या वर जाताना हवा सोळाव्या हिश्शाइतक्या जागेत कोंबली जाते. दाब ३० किलोग्रॅमपर्यंत चढला, तरी दट्ट्यावर ३० × ५० म्हणजे १,५०० किलोग्रॅमचे बल! हँडल अडेल नाही तर काय? खिट्टी झडप उघडी धरते, हवा निसटते, दाब चढतच नाही. पुढे ती सोडल्यावर हवा दाबण्याचे काम फिरते जड चाक करते.

दाबलेली हवा इतकी तापते, की फवारलेले डिझेल ठिणगीशिवाय पेटते. दाब क्षणभर ६० किलोग्रॅमवर गेला, तर बल होते ३,००० किलोग्रॅम, म्हणजे तीन टन!

दट्ट्याभोवतीच्या रिंगा झिजल्या, की हीच हवा फटीतून निसटते. क्षेत्रफळ तेवढेच राहते, पण दाब चढत नाही, हवा पुरेशी तापत नाही आणि डिझेल पेटत नाही. मग हँडल मारून हात दुखतात आणि कांदा मात्र तहानलेलाच राहतो. म्हणून रिंगा वेळेवर बदलायला हव्यात. हँडल मात्र मोठ्यांनाच मारू द्या बरे. ते उलटे फिरले, तर हात मोडू शकतो. तुम्ही पंप घ्या आणि अंगठा लावून पाहा!