शाळेच्या दारात अडलेले मूल

शाळेला निघण्याच्या वेळीच ज्याचे पोट दुखू लागते, पहिला तास सुरू झाला की ज्याच्या दुखण्याला उतार पडतो आणि रविवारी ज्याला कसलीच व्यथा नसते, असे एखादे मूल बहुतेक प्रत्येक आळीत सापडते. आणि त्याच्याविषयी वडीलधाऱ्यांचा निर्णयही बहुधा ठरलेलाच असतो, की हे सारे सोंग आहे. हा निर्णय घाईचा आहे. भयाने पोटात कळ येते, मळमळते, छाती धडधडते; ही लक्षणे शरीराला खरोखरच जाणवतात, आणि त्यांचे कारण शरीरात सापडले नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाहीत. म्हणून प्रथम डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, डोळे आणि कानही तपासून घ्यावेत (फळ्यावरचे अक्षर न दिसणारे मूलही शाळेला विटते), आणि त्यातून काही निष्पन्न झाले नाही, तर त्याला कशाची भीती वाटते हे शांतपणे विचारावे.

शाळा बुडवून नदीकाठी किंवा बाजारात हिंडणारा मुलगा आपली गैरहजेरी घरापासून लपवतो. हे मूल काहीच लपवत नाही, त्याला घरातच राहायचे असते, आणि पुष्कळदा त्याला अभ्यासाची आवडही असते. अशा निराळ्या प्रकारच्या गैरहजेरीचे वर्णन १९३२ साली आय. टी. ब्रॉडविन यांनी केले, आणि १९४१ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅडलेड जॉन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला ‘स्कूल फोबिया’ हे नाव देऊन असे दाखवले, की या भीतीचे मूळ कित्येकदा शाळेत नसून आईपासून दूर होण्यात असते. पण सर्वच मुलांचे कारण एक नसते. कुणाला वर्गात उभे राहून वाचण्याची धास्ती वाटते, कुणाला मधल्या सुट्टीत मोठ्या मुलांचा जाच सोसावा लागतो, कुणाला घरी आजारी असलेल्या माणसाला सोडवत नाही, तर कुणाला घरचा मोबाईल सोडवत नाही. आणि कारण निराळे तसा इलाजही निराळा. पहिलीत पाऊल टाकताना, किंवा गावातील चौथीपर्यंतची शाळा संपवून दूरच्या हायस्कुलात पाचवीला जाताना, तसेच दीर्घ आजारानंतर अथवा लांब सुट्टीनंतर ही अडचण विशेषेकरून उद्भवते.

येथे एक गोष्ट पालकांनी नीट ध्यानात घ्यावी. रडणाऱ्या मुलाला ‘बरे, आजच्या दिवस राहा’ असे म्हटले की त्याला तत्क्षणी सुटल्यासारखे वाटते, आणि ती सुटकेची भावना इतकी गोड असते, की दुसऱ्या दिवशी शाळेची भीती आदल्या दिवसाहून मोठी होऊन उभी राहते. शिवाय बुडालेला अभ्यास आणि सोबत्यांचे ‘कुठे होतास?’ हे प्रश्न यांची तीत भर पडते. म्हणून अनिश्चित मुदतीची सवलत ही दया ठरत नाही. उलटपक्षी, हाताला धरून फरफटत नेऊन वर्गात ढकलणे हाही उपाय नव्हे, कारण त्याने भीतीला अपमानाची जोड मिळते. या दोहोंमधला मार्ग क्रमाक्रमाने परत जाण्याचा आहे: सुट्टीच्या दिवशी फाटकापर्यंत जाऊन यावे, मग परिपाठापुरते थांबावे, मग आवडत्या विषयाचा एक तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत, आणि असे करीत पूर्ण दिवस. प्रत्येक पायरी मुलाशी बोलून ठरवावी, पण ठरल्यावर मोडू नये. दारात त्याला घ्यायला रोज एकच शिक्षक उभा असावा. जाच होत असेल, तर तो थांबवण्याची जबाबदारी शाळेने आधी उचलावी. तोवर मुलाला धीट होण्याचा उपदेश करण्याचा अधिकार तिला पोचत नाही.

आता दुसरे मूल पाहू. ते शाळेत येते. पण वही भिरकावते, बाक लाथाडते, गुरुजींना उलट उत्तर देते, आणि मुख्याध्यापकांच्या दप्तरी त्याच्याविरुद्ध तक्रारींचा ढीग साचतो. या दोन मुलांना आपण परस्परविरुद्ध समजतो. माझी मात्र अशी धारणा आहे, की पुष्कळ प्रसंगी एकच भय एकाला घरात कोंडते आणि दुसऱ्याला अंगावर धावून यायला लावते. ज्याला वाचता येत नाही, त्याला वाचायला उभे केले असता वर्गाचे हसू सोसण्यापेक्षा वर्गाबाहेर हाकलले जाणे सोपे वाटते.

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियातील ओबरहोलाब्रुन येथे ऑगस्ट आयखहॉर्न यांनी, इतर कोणत्याही गटात सामावून घेता न आलेल्या बारा आक्रमक मुलांचा एक गट अशाच मुलांसाठी असलेल्या आपल्या संस्थेत निराळा ठेवला, आणि शिक्षकांना सांगितले, की ममतेने वागा, भरपूर काम व खेळ द्या, आणि कुणाला इजा होण्याचा संभव असेल तेव्हाच मध्ये पडा. आरंभी मुलांचा दंगा वाढतच गेला, खिडक्या फुटल्या, सामान मोडले. परंतु प्रतिकाराची अपेक्षा धरून केलेल्या त्या क्रोधाला प्रतिकारच मिळेना, तेव्हा तो हळूहळू लटका होत गेला, मुले रडू लागली, आणि अखेरीस शिक्षकांना बिलगू लागली. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आयखहॉर्न यांच्या ग्रंथाला फ्रॉइड यांची प्रस्तावना आहे. साठ मुलांच्या वर्गात हा प्रयोग जसाच्या तसा करता येणार नाही हे उघड आहे. तथापि त्यातील मर्म कोणत्याही शिक्षकाला आचरता येण्याजोगे आहे, आणि ते असे, की मुलाच्या संतापाने मोठ्या माणसाने स्वतः संतापू नये.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच, की रागाच्या भरात असलेल्या मुलाला उपदेश करू नये, कारण त्या क्षणी ते ऐकूच शकत नाही. आवाज खाली आणावा, इतर मुलांना दूर करावे, त्याला पाणी द्यावे, वाट पाहावी. मग, राग ओसरल्यावर, त्याची कैफियत त्याच्याच शब्दांत ऐकून घ्यावी, आणि मोडलेले बाक दुरुस्त करण्यात त्याचा हात लावून घ्यावा. आयखहॉर्न यांचे शिष्य फ्रिट्झ रेडल यांनी अमेरिकेत, प्रसंग घडला तेथेच आणि तो ताजा असतानाच मुलाशी बोलण्याची ही रीत पद्धतशीरपणे मांडली. आपल्याकडे अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी वसतिगृहातील बेशिस्त मुलांच्या खोल्या स्वतः झाडून काढल्या. ज्या वसतिगृहात शिस्त हुकुमाने आणता आली असती, तेथे त्यांनी ती शुश्रूषेने आणली.

छडीचे समर्थन करणारे आजही आहेत. त्यांना हे स्मरण द्यावे लागेल, की २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे, आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्यांना शाळेतून काढूनही टाकता येत नाही. म्हणजे ते रागीट मूल आपल्याच शाळेचे आहे आणि राहणार आहे.

ज्यांच्या घरी या दोहोंपैकी कोणतेही मूल आहे, त्यांनी लोक काय म्हणतील या विचारात महिना दोन महिने दवडू नयेत. गैरहजेरी जितकी लांबते तितके परतणे कठीण होते. याच आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटा. आणि तेवढ्याने भागले नाही, किंवा मूल स्वतःला इजा करण्याची भाषा बोलू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला क्षणाचाही संकोच करू नका. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा दूरध्वनी क्रमांक १४४१६ आहे, आणि तो निःशुल्क आहे.