ध्रुवीय प्रकाशाजवळचे उभे वारे

जमिनीपासून 100 ते 300 किलोमीटर उंचीवर हवा अत्यंत विरळ असते. तिथे आडवे वारे सेकंदाला शेकडो मीटर वेगाने वाहतात. उभी हालचाल मात्र एरवी मंदच असते, कारण गुरुत्वाकर्षण आणि दाबातील फरक एकमेकांना जवळपास तोलून धरतात. ध्रुवीय प्रकाश तीव्र झाला की हा तोल ढळतो. अंतराळातून येणारे इलेक्ट्रॉन हवा तापवतात. विद्युतक्षेत्राने ढकललेले आयन उदासीन कणांवर आदळतात, त्यातूनही मोठी उष्णता निर्माण होते. तापलेली हवा प्रसरण पावून वर उसळते. अशा वेळी सेकंदाला 100 मीटरहून अधिक वेगाचे उभे वारेही नोंदले गेले आहेत.

इतक्या उंचीवरचा वारा मोजण्याची रीत विलक्षण सुंदर आहे. ऑक्सिजनचा अणू 630 नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश सोडण्यापूर्वी साधारण 110 सेकंद उत्तेजित राहू शकतो. तेवढ्या वेळात टकरा होऊन तो भोवतालच्या हवेबरोबर वाहू लागतो. हवा वर जात असेल, तर जमिनीवरून पाहताना ही तरंगलांबी किंचित वाढलेली दिसते. सेकंदाला 100 मीटर वेगासाठी हा बदल तीस लाखांत एक भाग एवढाच असतो, तरी फॅब्री-पेरो व्यतिकरणमापी तो टिपतो. अलास्का, स्वालबार्ड आणि अंटार्क्टिकातील मॉसन केंद्रावर अशी निरीक्षणे झाली आहेत.

वर उसळणारी हवा खालचा नायट्रोजन सोबत नेते. त्यामुळे वरच्या थरांची घनता वाढते आणि खालच्या कक्षेतील उपग्रहांना अधिक रोध होतो. फेब्रुवारी 2022 मध्ये भूचुंबकीय वादळाने वातावरण असेच तापून फुगले, तेव्हा नुकत्याच सोडलेल्या 49 स्टारलिंक उपग्रहांपैकी बहुतेक नष्ट झाले.