उसाचा फड आणि मूत्रपिंड

दिवाळीच्या आगेमागे आपल्या हिंगोली जिल्ह्यातली कितीतरी बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात. म्हणून पुसेगावकरांनी ऐकावी अशी एक दूरदेशीची हकीकत.

मध्य अमेरिकेत एल साल्वादोर व निकाराग्वा या देशांत ऊस तोडणाऱ्या तरुणांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. मग कारण काय? कोणी कीटकनाशकांकडे बोट दाखविले, कोणी उन्हातल्या अतिश्रमांकडे. घाम फार गेला की मूत्रपिंडाला रक्त कमी पोचते. रोज तेच घडले तर इजा भरून येत नाही. अंगदुखीच्या गोळ्या तीत भर घालतात. आंध्रातल्या उद्दानम भागातही असाच रोग आहे आणि तिथेही वाद मिटलेला नाही.

वाद मिटेतो थांबायचे का? नाही. निकाराग्वात फडावर पाणी, सावली व विश्रांती यांची सोय वाढविली, तेव्हा इजेचे प्रमाण घटले. पण आपल्याकडे मजुरी टनावर. पाण्यासाठी थांबले की पैसा बुडतो. तेव्हा ही सोय एकट्या मजुराच्या शहाणपणावर सोडून चालणार नाही. ती मुकादमाने आणि कारखान्याने करायची.

हा रोग आरंभी दुखत नाही. म्हणून गुरुजींनी पालकांना एवढे सांगावे : निघण्यापूर्वी आणि परतल्यावर रक्तातले क्रिएटिनिन तपासून घ्या.